देहाशी वैर नको गं

सोनू,

काल रात्री तुझा फोन ठेवला आणि मला काही झोप लागेना. गायनाच्या सरावाला उभ्या उभ्या तुला चक्कर आली, मैत्रिणींनी पंख्याखाली नेऊन बसवलं, हे तू हसत हसत सांगितलंस. "लेंट चालू आहे ना ताई, उपासात एवढं होणारच." आणि मग अगदी हळू आवाजात, "चार किलो उतरलेत पण." ते शेवटचं 'पण' माझ्या कानातून जाईना. म्हणून सकाळी स्वयंपाक बाजूला ठेवून लिहायला बसलेय.

तुला कधी सांगितलं नाही, आज सांगते. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला मीही हेच केलं होतं. राखेच्या बुधवारपासून सकाळी बिनदुधाचा चहा आणि संध्याकाळी एक पोळी, बस्स. सगळ्यांना वाटायचं, पोरगी किती भक्तिमान. मलाही तसंच वाटायचं. पण प्रार्थनेला गुडघे टेकायच्या आधी मी हॉस्टेलच्या आरशासमोर उभी राहून गालाची हाडं वर आली का ते बघायचे. तेव्हा हे स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं. मग एका नाइट ड्युटीला एका म्हाताऱ्या आजीला सलाईन लावताना माझा हात थरथरला. एकदा शीर चुकली, दुसऱ्यांदाही चुकली. मनगटावर हिरवंनिळं टेंगूळ आलं. ती बिचारी ओरडली नाही. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "पोरी, जेवलीस का गं?" मी बाथरूममध्ये जाऊन रडले. देवासाठी म्हणून मी उपाशी राहिले होते आणि ज्या बाईची सेवा करायला देवानं मला तिथे ठेवलं होतं, तिलाच इजा केली होती.

तेव्हापासून मी पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र पुन्हा पुन्हा वाचत आलेय. करिंथ म्हणजे दोन बंदरांचं शहर, पैशाचं, चैनीचं. पौल तिथे दीड वर्ष राहिला, तंबू शिवून पोट भरत. शहराजवळच इस्थमियाला दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरायचे. धावणारे, मुष्टियोद्धे, कुस्तीगीर यायचे आणि जिंकणाऱ्याला मिळायचा पाइनच्या डहाळ्यांचा मुगुट, जो चार दिवसांत सुकायचा. म्हणून पौल शर्यतीचं उदाहरण देतो तेव्हा करिंथकरांच्या डोळ्यांपुढे ते मैदानच उभं राहत असणार. पुढे तो म्हणतो की मीही माझ्या शरीराला ताब्यात ठेवतो. आपल्या जुन्या मराठी शास्त्रात तिथे 'कुदलतो' असा शब्द आहे. मूळ ग्रीक शब्द मुष्टियुद्धातला, डोळ्याखाली ठोसा मारणं असा. हा एक शब्द धरून कितीतरी चांगल्या माणसांनी स्वतःचे हाल करून घेतले आहेत. मीही त्यातलीच.

पण खेळाडूकडे बघ ना. जिंकायचं आहे तो उपाशी राहतो का? तो वेळेवर जेवतो, वेळेवर झोपतो, नको ते खात नाही, आणि पायाला सूज आली तर थांबतो. हाच पौल कलस्सैकरांना बजावतो की हे शिवू नको, ते चाखू नको असे कडक नियम दिसायला शहाणपणाचे दिसतात, पण देहाची हाव आवरायला त्यांचा काही उपयोग नाही. दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाच. मग कुदलण्याचा अर्थ मारणं नाही, तयार करणं आहे, हे माझ्यासारखं तुलाही पटेल.

आणि त्याच पहिल्या पत्राचा सहावा अध्याय. शरीर हे पवित्र आत्म्याचं मंदिर आहे, हे आपण संडे स्कूलपासून पाठ केलंय. पाठ केल्यामुळेच त्याचं काही वाटेनासं झालंय. ग्रीकमध्ये देवळाला दोन शब्द आहेत. एक सगळ्या आवारासाठी, आणि दुसरा अगदी आतल्या भागासाठी, जिथे देव राहतो असं मानतात. पौलानं हा दुसरा वापरलाय. आपल्या भाषेत सांगायचं तर गाभारा. तू गाभारा आहेस, सोनू. गाभाऱ्यात कुणी कचरा टाकत नाही, हे आपल्याला नेहमी ऐकवतात. पण गाभाऱ्याच्या भिंती कुणी फोडतही नाही, आणि त्यातला दिवा तेलावाचून विझूही देत नाही. हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

आसिसीचा संत फ्रान्सिस आपल्या देहाला गाढवभाऊ म्हणायचा आणि त्याच्याकडून तसंच राबवून घ्यायचा. 1226 मध्ये तो गेला, पण शेवटच्या आजारपणात त्यानं या भावाची क्षमा मागितली, असं त्याचे चरित्रकार लिहितात. मला ही गोष्ट फार जवळची वाटते.

मग लेंटमध्ये उपास करायचाच नाही का? करायचा तर! आजीचा उपास आठवतो तुला? तू लहान होतीस, तुला कदाचित आठवणार नाही. चाळीस दिवस घरात मटण नाही, मासळी नाही, तिच्या चहात साखर नाही. ज्या दिवशी मटण झालं असतं, त्या दिवशी त्याचे पैसे ती डालड्याच्या जुन्या डब्यात टाकायची. नाण्यांचा तो खण्ण आवाज अजून माझ्या कानात आहे. उत्तम शुक्रवारी सात उद्गारांच्या उपासनेला जाताना डबा पदराखाली घ्यायची आणि वाटेत गल्लीतल्या एका विधवेच्या घरी रिकामा करून यायची. कधी बोलली नाही त्याबद्दल. यशया संदेष्ट्यानं अठ्ठावन्नाव्या अध्यायात जो उपास सांगितलाय, भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देण्याचा, तो मी आजीच्या त्या डब्यात पाहिलाय. तिच्या उपासात वजनकाटा नव्हता गं. आणि घरात कुणी आजारी असलं की त्याला ती स्वतः अंडं उकडून द्यायची, लेंट असो नसो.

एलीयाची गोष्ट पण घे. चाळीस दिवस चालत होरेब डोंगरापर्यंत गेला म्हणून आपण त्याचं नाव घेतो. पण त्याआधी काय झालं ते विसरतो. तो थकून, मरण मागून रानातल्या झुडपाखाली झोपला होता. देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. उठवलं, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं. तो पुन्हा झोपला, तर पुन्हा उठवून जेवू घातलं. दोन झोपा आणि दोन जेवणं झाल्यावर मग ते चाळीस दिवस!

आता तुझ्या खऱ्या उपासाबद्दल. रात्री दीडपर्यंत मोबाइल हातात असतो, हे तुझ्या 'लास्ट सीन'वरून मला दिसतं, रागावू नको. इंद्रियदमन म्हटलं की आपल्याला पोटच आठवतं. अंगठ्याचं काय? पौल ज्या शब्दानं ते सांगतो त्यात सत्तेचा अर्थ आहे, माझी सत्ता माझ्यावर असणं. आत्म्याच्या फळांच्या यादीत तो शब्द येतो, आणि फळ झाडावर धरतं, पिकायला वेळ घेतं. एका रात्रीत होणार नाही. मी काय करते सांगू? साडेदहाला फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावते आणि झोपायच्या खोलीत गजराचं जुनं घड्याळ ठेवलंय. पहिला आठवडा हात सारखा उशाखाली जायचा. आता नाही जात.

आणि तो मुलगा. काल फोनवर त्याच्याबद्दल तू अर्धंच बोललीस, पण मला पुरलं. "प्रेम आहे तर अडचण काय," असं तो म्हणतो. करिंथकरही असंच म्हणत होते, आम्हाला सगळ्याची मोकळीक आहे, अन्न पोटासाठी आणि पोट अन्नासाठी. पौल त्यांना देहाची लाज बाळगा असं सांगत नाही. देह प्रभूसाठी आहे, मोठी किंमत देऊन घेतलेला आहे, म्हणून तो असा सहज देऊन टाकायचा नाही, असं सांगतो. मला विचारशील तर लग्नापर्यंत थांब. आणि तू 'नको' म्हटल्यावर तो कसा वागतो, तेवढं नीट बघ. रुसला, धमकावलं, फोटो मागितले, तर त्याच दिवशी मला फोन कर, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी. जे झालं असेल नसेल, ते माझ्याकडे बोललीस म्हणून मी तुला कमी लेखणार नाही. आणि कुणी जबरदस्तीनं केलेल्या गोष्टीनं तुझा गाभारा विटाळत नाही. पाप करणाऱ्याचं असतं. हे कुणी उलटं सांगितलं, अगदी मंडळीतल्या माणसानं सांगितलं, तरी ऐकायचं नाही.

दोन महिने पाळी आली नाही म्हणालीस. त्याला उपासाचा गुण समजू नकोस. रक्त कमी झालं असेल, आणखीही काही असेल. सोमवारी डॉक्टरांकडे जायचंच, मी रजा टाकून पुण्याला येतेय. हिमोग्लोबिन तपासू. मनावरही याचा ताण असला, जेवणाची भीतीच बसली असली, तर त्याचेही डॉक्टर असतात. प्रार्थना आपण करूच, दवाखान्याच्या बाकावर बसून करू.

एक गोष्ट मला फार धीर देते. पुनरुत्थानानंतर येशू शिष्यांना दिसला तो देहासकट, हातापायांच्या जखमांसकट. त्यांना खरं वाटेना, तेव्हा त्यानं खायला मागितलं आणि भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यासमोर खाल्ला. आणि पुढे एकदा समुद्रकाठी पहाटे त्यानंच कोळशावर मासळी भाजून त्यांना न्याहारीला बोलावलं. मेलेल्यांतून उठलेला प्रभू, आणि पोरांना जेवायला हाक मारतोय.

तर ऐक. लेंटच्या चाळीस दिवसांत रविवार मोजत नाहीत, कारण दर रविवार पुनरुत्थानाचा. म्हणून या रविवारी तुझा उपास नाही. सकाळच्या गाडीनं नगरला ये, उपासना झाली की घरी जेवू, आणि सोमवारी पहाटे दोघी मिळून पुण्याला निघू. आईला सांगून ठेवलंय, रस्सा कमी तिखट कर, सोनूचं पोट रिकामं आहे. आजीचा तो डबा माळ्यावरून काढून घासून ठेवलाय. तुझ्याकडची चिल्लर घेऊन ये.

तुझी,
ताई