संबोधी म्हणजे जागे होणे



'बुद्ध' हे जन्मनाव नाही, ती मनाची अवस्था आहे. 'बुध्' म्हणजे जागे होणे, जाणणे. सिद्धार्थ गौतमांना वयाच्या ३५ व्या वर्षी बोधगया येथे संबोधी प्राप्त झाली, ती कोणा देवाच्या कृपेने नव्हे. 'द बुद्ध अँड हिज धम्म' (१९५७) या ग्रंथात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या प्रवासाचे चार टप्पे सांगितले आहेत. पहिल्या टप्प्यात विवेक व चिकित्सा, दुसऱ्यात एकाग्रता, तिसऱ्यात समता व स्मृती आणि चौथ्यात त्यांना चित्तशुद्धीची जोड. सुरुवात चिकित्सेपासून आहे, अंधश्रद्धेपासून नाही.

येथे स्मृती म्हणजे आठवण नव्हे. पालीतील 'सति' म्हणजे या क्षणी आपल्यात काय घडत आहे याचे भान. सतिपट्ठान सुत्तात त्याची चार क्षेत्रे सांगितली आहेत: काया, वेदना, चित्त आणि धम्म.

बँकेच्या काउंटरवरचे उदाहरण घेऊ. पेन्शनची रांग आहे. एका वृद्ध ग्राहकाची सही जुळत नाही, म्हणून ते आवाज चढवतात. कारकुनाचे कान तापतात, श्वास जलद होतो आणि मग कठोर शब्द बाहेर पडतो. श्वास बदलला हे त्याच क्षणी कळले, तर शब्द निघण्यापूर्वी थोडी उसंत मिळते. नियम मोडायचा नाहीच; पण गृहस्थांचा हात थरथरतो, म्हणून सही बदलली आहे, हे तेव्हा दिसते. पंचशीलातील पाचवे शील मद्य वर्ज्य करते, ते त्यातून प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, येतो म्हणून. राग हीसुद्धा एक नशाच आहे.

असे भान संसारी माणसाला साधते काय? ब्रह्मदेशातील सयाजी ऊ बा खिन हे हिशेब खात्यात कारकून म्हणून लागले आणि १९४८ साली स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल झाले. नोकरी सांभाळून ते विपश्यना शिकवीत. त्यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ साली मुंबईत भारतातील पहिले शिबिर घेतले. १९७६ साली इगतपुरीस धम्मगिरी उभे राहिले. आपल्या नवी मुंबईतही बेलापूरच्या पारसिक टेकडीवर 'धम्म विपुल' केंद्र आहे. दहा दिवसांच्या शिबिराला शुल्क नसते. ते साधकांच्या दानावर चालते.

काही कार्यकर्ते विचारतात, "ध्यान म्हणजे चळवळीतून पळवाट नव्हे काय?" प्रश्न रास्त आहे. बाबासाहेबांच्या मते धम्म हा मूलतः सामाजिक आहे. दोन माणसांचा संबंध आला की त्याची गरज लागते. खुद्द तथागत संबोधीनंतर झाडाखाली बसून राहिले नाहीत. ४५ वर्षे लोकांत फिरले. म्हणून ध्यानाची परीक्षा आसनावर होत नाही. घरी पत्नीशी व मुलांशी, कचेरीत शिपायाशी आपण कसे बोलतो, तेथे होते. सजगता अन्याय सोसायला शिकवीत नाही. द्वेषाने आंधळे न होता अन्यायाशी लढण्याचे बळ ती देते.

यास्तव रोज सकाळी दहा मिनिटे श्वासाकडे पाहावे आणि रात्री झोपण्यापूर्वी स्वतःला विचारावे: आज मी कोणत्या क्षणी जागा होतो? या हिशेबाची वही दुसरा कोणी तपासणार नाही. ती आपणच प्रामाणिकपणे लिहायची आहे.

जय भीम!