डब्यातली मासळी: जर्मनीत नव्याने आलेल्या घरांसाठी

म्युनिक किंवा स्टुटगार्टला आलेल्या मासेखाऊ घराचे पहिले दिवस जरा जडच जातात. समुद्र लांब, ताज्या मासळीचा भाव ऐकून भूक मरावी असा, आणि रविवारी दुकाने बंद. सुके बोंबील भाजावेत तर जिन्यातल्या सगळ्यांना कळते. म्हणून इथे मुरलेल्या घरांत डब्यातल्या माशांसाठी एक फळी राखलेली असते. त्या घरांतून जमवलेली ही माहिती.

पहिले लक्षात ठेवा, डब्यातला मासा शिजलेलाच असतो. डबा बंद करून मग तापवतात, म्हणून तो फ्रिजबाहेरही वर्षानुवर्षे टिकतो. नवीन माणूस तो ताज्या बांगड्यासारखा रश्शात उकळत ठेवतो आणि हाती चुरा येतो. तेव्हा आधी मसाला पुरता शिजवून घ्या, मासा शेवटी अलगद सोडा, झाकण ठेवा, दोन मिनिटांत गॅस बंद. डाव घालू नका, पातेलेच हलवा. मीठ चव बघून, तेही अगदी शेवटी, कारण डब्यात ते असतेच.

नवशिक्याने सुरुवात सार्डिनपासून करावी. ती आपल्या तारलीच्याच कुळातली. काटे इतके मऊ झालेले असतात की काढायची गरज नाही, मुलांनाही द्या. ऑलिव्ह तेलातली असेल तर तेच तेल फोडणीला घ्या. त्यात ठेचलेली लसूण, कांदा, हळद, मालवणी मसाला, दोन आमसुले आणि थोडे नारळाचे दूध. ते दूध इथे साध्या सुपरमार्केटातही डब्यात मिळते. आमसुले मात्र येताना घरून आणा.

ट्यूना स्वतःच्याच रसातला घ्यावा, तेलातला भुर्जीला फार तेलकट होतो. डब्यावर दोन वजने असतात. निथळलेल्या माशाचे वजन बघून भाव ठरवा. घट्ट पिळून कांदा-मिरचीवर परता, किंवा उकडलेल्या बटाट्यात मळून, रव्यात घोळवून कटलेट करा. टोमॅटो सॉसमधले हेरिंग मात्र मसाल्यात घालू नये. ते गोडसर लागते, पावाबरोबर तसेच बरे.

बरणीतल्या मालाचे गणित वेगळे. व्हिनेगरमधले शिंपले धुऊन थोडा वेळ पाण्यात ठेवा, मग ओले खोबरे घालून सुके करा. आंबटपणा पुरेसा असतो, आमसूल नको. बिस्मार्क हेरिंग आणि रोलमॉप्स विस्तवावर शिजवलेले नसतात, व्हिनेगरमध्ये मुरवलेले असतात, आणि मात्जेस मिठात. हे दुकानातल्या थंड कपाटातून घ्यावे, घरीही फ्रिजमध्येच ठेवावे आणि तारखेच्या आत संपवावे. त्यांचे कालवण करायला जाऊ नका. गरोदर बाईने मात्जेस टाळावे.

उघडलेल्या डब्यात उरलेला मासा तसाच ठेवू नये. काचेच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. फुगलेला डबा चवसुद्धा न बघता टाकून द्या.

रिकामे डबे गावाप्रमाणे पिवळ्या पिशवीत किंवा पिवळ्या पिंपात जातात, बरण्या रस्त्यावरच्या काचेच्या पेटीत, पण रविवारी नाही. पेयांच्या बाटल्यांसारखे यांचे पैसे परत मिळत नाहीत, तेव्हा ते घेऊन यंत्रापुढे रांग लावू नका.