पडदा सरळ झाला, मग नाक बंद का?

प्रश्न : नाकाच्या वाकड्या पडद्याची शस्त्रक्रिया होऊन आठवडा झाला, नाक चोंदलेलेच आहे. शस्त्रक्रिया फसली का?

उत्तर : एवढ्यात निकाल लावू नका. हवा सध्या अडते ती आतल्या सुजेने आणि रक्त-शेंबडाच्या खपल्यांनी. सूज पूर्ण उतरायला कित्येक आठवडे लागतात. शिंकरून खपल्या काढाल, तर कोवळी जखम पुन्हा वाहील. सर्जनने सांगितल्याप्रमाणे सलाईनने नाक धुवा, म्हणजे त्या मऊ होऊन सुटतील. घरी द्रावण करताना पाणी उकळून गार केलेलेच हवे. धुताना टाके सुटतील, ही भीती रास्त वाटते. पण धार हलकी असेल तर ते सुटत नाहीत आणि बहुधा ते आपोआप विरघळणारेच असतात. नाक मोकळे करणारे थेंब मनाने वापरू नका, वापर लांबला तर तेच नाक चोंदवतात. शिंक तोंड उघडून द्या, उशी उंच घ्या. रक्त थांबेना, ताप चढला किंवा दुखणे वाढले, तर मात्र त्याच दिवशी सर्जनला गाठा.