थेरपी नातवाची, शिकवणी सुनेची?

प्रश्न : माझा नातू साडेतीन वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. टीव्हीवरची बिस्किटांची जाहिरात तो अथपासून इतिपर्यंत म्हणतो, पण तहान लागली तर साधं 'पाणी' म्हणत नाही. थेरपीला नेलं, तर तिथल्या बाई त्याला शिकवायचं सोडून माझ्या मुलाला आणि सुनेलाच शिकवत बसतात. त्यांचे खेळतानाचे व्हिडिओही काढतात. म्हणजे दोष आईबापांचा, असंच ना? आणि पुढच्या महिन्यात घरात लग्न आहे. नातवाला न्यावं का?
– एक आजी, सांगली

उत्तर : आजी, आधी दोषाचं निकालात काढू, कारण सुनेच्या जिवाला तेच जास्त लागलेलं असणार. ही शंका तुमचीच नाही, एके काळी मोठमोठ्या तज्ज्ञांनाही होती. अमेरिकेत लिओ कॅनर यांनी 1943 साली 11 मुलांचं वर्णन करून ऑटिझमला वैद्यकशास्त्रात जागा दिली. त्या मुलांच्या आईवडिलांमध्ये जिव्हाळा कमी दिसतो, असंही त्यांनी नोंदवलं. पुढे काहींनी तेच कारण मानलं आणि कित्येक वर्षं आयांच्या माथी खापर फुटत राहिलं. 1964 साली बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञानं पुस्तक लिहून हे खोडलं. त्याचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता. आज एवढं पक्कं आहे, की ऑटिझममध्ये मेंदूची जडणघडणच वेगळी असते, तिची सुरुवात बहुधा जन्माआधीच होते आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. सून नोकरीला जाते म्हणून, किंवा लहानपणी टाळू नीट भरली नाही म्हणून असं होत नाही.

शेजारीपाजारी लसीचं नाव घेत असतील. 1998 साली 12 मुलांवरच्या एका ब्रिटिश लेखानं लसीनं ऑटिझम होतो ही भीती पसरवली. तो लेख छापणाऱ्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानंच तो 2010 मध्ये मागे घेतला. मोबाइलचंही तसंच. फार वेळ मोबाइल पाहिला तर बोलण्याची संधी कमी मिळते, तेव्हा तो आवरावाच. पण मोबाइलनं ऑटिझम झाला, असं म्हणता येत नाही.

दोष नाही, तर मग शिकवणी आईबापांची का? साधा हिशेब करा. थेरपीचे आठवड्याला दोनतीन तास. नातू जागा असतो तो वेळ ऐंशी तासांच्या आसपास, आणि तो जातो तुम्हा घरच्यांबरोबर. शिवाय त्याच्या खुणा नेहमीच्या नसतात. दुसरं मूल बोट दाखवेल, 'आई, बघ' म्हणेल. हा तुमचा हात धरून फ्रिजकडे ओढत नेईल, चेहऱ्याकडे बघणारही नाही. मोठ्यांना ती खूण कळत नाही. ते काळजीपोटी प्रश्नांचा भडिमार करतात : 'हे काय? सांग ना! काऊ म्हण!' परीक्षा सुरू झाली, की मूल पाठ फिरवतं.

व्हिडिओ त्यासाठीच. नातू गाडी ढकलतो, गाडी पडते, तो निमिषभर आईकडे बघतो. नेमकी तेव्हा आई टोपलीतून पुढचं खेळणं काढत असते. खेळताना हे कुणाच्याच लक्षात येत नाही, व्हिडिओ थांबवून पाहिला की दिसतं. मग आई त्याच्या समोर जमिनीवर बसते, तो ज्यात रमलाय त्याबद्दलच बोलते, 'गाडी पडली', आणि थांबते. हे थांबणंच सगळ्यांना जड जातं.

गोव्यातल्या 'संगथ' संस्थेनं आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या संशोधकांनी ही पद्धत दोन ते नऊ वर्षांच्या 65 मुलांच्या कुटुंबांत तपासली. निष्कर्ष 2016 साली प्रसिद्ध झाले. शिकवणारे मोठे तज्ज्ञ नव्हते, खास प्रशिक्षण घेतलेले आरोग्यसेवक होते. सहा महिन्यांत 12 सत्रं झाली. आईवडील मुलाच्या कलानं घेऊ लागले आणि मुलं आपणहून जास्त संवाद साधू लागली. सगळंच सुधारलं असं नाही. दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ उलट कमी झाला.

आता जाहिरात. ही मुलं बरेचदा भाषा सुट्या शब्दांनी उचलत नाहीत, अख्खी वाक्यं चालीसकट उचलतात. तेव्हा ती जाहिरात नातू कधी म्हणतो, ते बघा. भूक लागल्यावर म्हणत असेल, तर तो तुमच्याकडे खायलाच मागतोय. तुम्ही रोज 'तुला पाणी हवं का?' विचारत असाल, तर उद्या तो पाणी मागताना 'तुला पाणी हवं का?' असंच म्हणेल. म्हणून त्याच्या तोंडी शोभेल असं वाक्य म्हणा. पेला पुढे करत 'पाणी हवंय'. आणि एक चौकशी, रागावू नका. त्याला तहान लागण्याआधीच पेला घेऊन उभं कोण असतं? आजीच ना? मग तो मागेल कशाला? पेला दिसेल पण हाताला लागणार नाही असा ठेवा आणि चारपाच सेकंद वाट पाहा. नजर, हात, आवाज, काहीही आलं की लगेच पाणी द्या. त्याला तहानेला मात्र ठेवू नका.

ऐकण्याची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, म्हणून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढून ठेवा. त्यावर 'निरामय' योजनेत नाव नोंदवलं, की वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्यविमा संरक्षण मिळतं. ऑटिझम मुळातून बरा करतो म्हणणाऱ्याला मात्र पैसे देऊ नका.

लग्नाला जरूर न्या, पण अख्ख्या लग्नाला नको. अशा कित्येक मुलांना बँडचा आवाज आणि गर्दी सोसत नाही. ती कानांवर हात ठेवतात, किंचाळतात, आणि पाहुणे म्हणतात, लाडावलाय. आदल्या दिवशी कार्यालय रिकामं असताना त्याला फिरवून आणा. कार्यालयातल्या खोल्यांपैकी एक त्याच्यासाठी ठेवा. रोजच्या जेवणाचा डबा आणि आवडती गाडी बरोबर घ्या. अक्षता पडल्या की वाजंत्री सुरू होणार, तेव्हा त्याआधीच कुणीतरी त्याला घेऊन बाहेर पडायचं. ते कुणी, हे आदल्या रात्रीच ठरवा, आणि दर वेळी सुनेलाच नको.