लाइनी दोन, टनेल एक

प्रश्न : वाळूज एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात इंटरनेटच्या दोन लाइनी आहेत. पुण्याच्या ऑफिसचा जीआरई टनेल मात्र एकाच लाइनवर चालतो. दुसरी रिकामीच! काय करावे?

उत्तर : राउटर बिघडलेला नाही. टनेलमध्ये शंभर संगणकांची पॅकेट्स असली, तरी बाहेरून दोनच आयपी पत्ते दिसतात; राउटर त्यालाच एक प्रवाह समजतो आणि एक प्रवाह एकाच लाइनने पाठवतो. म्हणून प्रत्येक लाइनवर स्वतंत्र टनेल बांधा, तो त्याच लाइनने बाहेर पडेल असे पक्के करा आणि दोन्हींवर समान कॉस्टचा रूट द्या. पुण्याकडेही हेच करायला विसरू नका. वाटणी प्रवाहानुसारच ठेवा. पॅकेटनिहाय केलीत तर पॅकेट्स मागेपुढे पोचून टीसीपीचा वेग पडतो. साध्या जीआरईला टनेलचा एमटीयू १४७६ ठेवा, आयपीसेक असल्यास आणखी कमी.