अंकांच्या वाटेने ठेव्याकडे

मे २००० मध्ये अमेरिकेने आपल्या उपग्रहांच्या नागरी संकेतांत हेतुतः राखलेली अचूकतेची उणीव दूर केली. लगेच ३ मे रोजी ऑरेगन राज्यात एका हौशी गृहस्थाने एक डबा दडवून त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. यातूनच ‘जिओकॅशिंग’ हा खेळ जन्मास आला. त्याच्या एका प्रकारात खरे स्थान कोड्यात लपविलेले असते.

एक उदाहरण घेऊ. रेखांश ठाऊक आहे; अक्षांशाच्या मिनिटांचे तीन दशांश अंक मात्र अ, ब, क असे अज्ञात आहेत. त्यांची बेरीज ११ असून अ हा क च्या दुप्पट आहे. म्हणून ब = ११ − ३क. क शून्य मानल्यास ब ११ होतो, चार मानल्यास ऋण. क त्याहून मोठा असल्यास अ एक अंकी राहत नाही. उरतात २८१, ४५२ व ६२३. मिनिटाचा सहस्रांश म्हणजे सुमारे १.८५ मीटर, तेव्हा या लगतच्या स्थळांत सुमारे ३१७ मीटरांचे अंतर पडते. तिसरी अट सांगते, ब विषम आहे. उत्तर एकच : ४५२.

एक अट नजरेआड झाली, तर तीन ठिकाणी झुडपे धुंडाळावी लागतील. म्हणून आधी तर्क पूर्ण करावा, मगच पाऊल उचलावे.