गांडूळ, पाचट आणि मातीतील सूक्ष्मजीव

'गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र आहे' हे वाक्य आपण सर्वांनी शाळेत पाठ केले आहे. ही मैत्री नेमकी कशी चालते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. चार्ल्स डार्विनने १८८१ साली गांडुळांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. इंग्लंडात पुष्कळ ठिकाणी दर एकरी वर्षाला १० टनांहून अधिक माती गांडुळांच्या शरीरातून जाते, असा हिशेब त्याने मांडला. या प्रवासात मातीतील सूक्ष्मजीवांचे काय होते, हा आपला प्रश्न.

मातीतील बहुसंख्य जिवाणू एरवी सुप्तावस्थेत असतात. अन्न जवळच असते, पण तेथवर जाण्याची शक्ती त्यांना जवळजवळ नसते. गांडुळाच्या आतड्यात माती शिरली की तिच्यात पाणी आणि सहज पचणारा श्लेष्म मिसळतो. निजलेले जिवाणू जागे होतात व चिवट सेंद्रिय पदार्थ फोडू लागतात. त्यातला वाटा गांडुळाला मिळतो. म्हणजे कुजविण्याचे खरे काम सूक्ष्मजीवांचे; गांडूळ त्यांना ओलावा, घास आणि वाहन पुरविते. म्हणूनच त्याच्या विष्ठेत पिकाला घेता येण्याजोगे नत्र व स्फुरद भोवतालच्या मातीपेक्षा सहसा अधिक आढळते. (आतड्यात प्राणवायू जवळजवळ नसल्याने थोडे नत्र नायट्रस ऑक्साइड होऊन उडूनही जाते. गांडुळाच्या स्तुतिपर लेखांत ही बाजू सहसा येत नाही!)

आता आपल्या बेळगाव जिल्ह्यातील उसाच्या फडाकडे वळू. पाचटात नत्राच्या एका भागास कर्बाचे शंभराच्या आसपास भाग असतात. जिवाणूंच्या शरीरात ते आठ-दहाच. कच्चे पाचट मातीत गाडले, की ते फोडताना जिवाणू कमी पडणारे नत्र मातीतूनच ओढून घेतात आणि खोडवा पिवळा पडतो. मग पाचटच वाईट ठरते व फडाला काडी लागते. त्या जाळात पाचटातील बहुतेक नत्र धुराबरोबर जाते. गांडुळांचे अन्न आणि सावली दोन्ही संपतात.

पाचट न गाडता सरीत पसरून त्यावर शेणकाला व थोडा युरिया दिला, तर ही ओढाताण पुष्कळ कमी होते. ओलाव्याला गांडुळेही येतात. ती विकत आणून शेतात सोडण्याची हौस मात्र व्यर्थ. खतासाठी विकली जाणारी आयसेनिया फेटिडा ही जात कचऱ्याच्या ढिगात राहणारी आहे. उघड्या रानात ती टिकत नाही. ढिगातही पहिली ऊब उतरल्यावरच ती सोडावी, नाहीतर उष्णतेने मरते.

जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे पावसाळ्यात सहज पाहता येईल. बागेतील दोन सारखे वाफे घ्यावे, एक पाचटाने झाकावा, दुसरा उघडा ठेवावा, आणि महिन्याने दोहोंतील गांडुळांच्या विष्ठेच्या गोळ्या मोजाव्या.